इंटरनॅशनल शाळा शोधताना आम्ही बारावीपासून मागे आलो

मागच्या वर्षी मुलीला पाचवीनंतर एसएससीच्या शाळेतून काढून केंब्रिज बोर्डाच्या शाळेत घातलं, तेव्हापासून सोसायटीतल्या बायका, ऑफिसातले लोक, नवऱ्याचे चुलतभाऊ सगळे तेच तेच विचारतायत, फी किती, डोनेशन मागितलं का, अभ्यास असतो का नुसतेच प्रोजेक्ट, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय. आम्ही कांदिवली पूर्वेला राहतो, दोघंही नोकरी करतो, घरात सासरे आहेत, महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून रिटायर झालेले, त्यांना आम्ही अप्पा म्हणतो. आमच्यासारख्या घरांसाठीच हे आहे, म्हणजे फी भरता येते पण भरताना पोटात गोळा येतो अशांसाठी. ज्यांना फीचं काही वाटत नाही त्यांचं आधीच ठरलेलं असतं, त्यांनी वाचलं नाही तरी चालेल.

शाळा बघायला बाहेर पडायच्या आधीच अप्पांनी विचारलं, "पोरगी बारावीला कुठली परीक्षा देणार आणि त्या मार्कांवर तिला मुंबईतलं कॉलेज घेणार का, तेवढं आधी सांगा, मग काय ते स्विमिंग पूल बघत बसा." त्यांच्या या एका प्रश्नामुळे आमचं सगळं उलट्या क्रमाने झालं, आधी बारावी, मग दहावी, मग फी आणि शेवटी इमारत. आणि आता माझं ठाम मत आहे की हाच क्रम बरोबर आहे, कारण इमारती सगळ्याच छान असतात हो.

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लियर करते. पाटीवर इंटरनॅशनल लिहिलं म्हणून शाळेत इंटरनॅशनल बोर्ड असतं असं अजिबात नाही. मुंबईत इंटरनॅशनल नावाच्या कितीतरी शाळांत सीबीएसई किंवा आयसीएसई शिकवतात, ते वाईट आहे असं नाही, पण तुम्ही ज्यासाठी पैसे देताय ते हे नव्हे. काही ठिकाणी एकाच आवारात दोन बोर्डं चालतात, फीसुद्धा वेगवेगळी, फोनवर बोलताना कुठल्या बोर्डाची फी सांगतायत ते विचारून घ्या. मध्यंतरी राज्य सरकारचंही महाराष्ट्र इंटरनॅशनल एज्युकेशन बोर्ड निघालं होतं, २०२० मध्ये ते बंदच केलं. खरी इंटरनॅशनल बोर्डं म्हणजे मुख्यतः दोन, एक आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झालेलं, आणि दुसरं केंब्रिज, ज्याची दहावी म्हणजे आयजीसीएसई आणि बारावी म्हणजे ए लेव्हल. दोघांच्याही वेबसाइटवर आपापल्या शाळांची यादी असते, शहराचं नाव टाकून शोधता येतं, फॉर्मचे पैसे भरायच्या आधी तिथे शाळेचं नाव आहे का बघा. आयबीच्या बाबतीत अजून एक, काही नव्या शाळा कँडिडेट स्कूल असतात, म्हणजे अर्ज केलाय पण मान्यता अजून मिळायची आहे आणि मिळेलच याची हमी नाही. हे शाळेने स्वतः सांगायचं असतं, सांगतातही, पण ब्रोशरमध्ये खाली बारीक अक्षरात. शिवाय मान्यता प्रोग्रॅमप्रमाणे वेगळी असते, छोट्यांच्या पीवायपी प्रोग्रॅमला मिळाली म्हणून अकरावी-बारावीच्या डिप्लोमाला मिळाली असं होत नाही. एका शाळेत मी सरळ विचारलं की तुमच्याकडे डिप्लोमा आहे का, तर मॅडम म्हणाल्या, "तोपर्यंत येईल." तोपर्यंत म्हणजे कधी ते काही सांगता येईना, आम्ही चहा संपवून निघालो.

आता बारावीचं, कारण तिथेच सगळं अडतं. आयबी डिप्लोमात सहा विषय, प्रत्येकी ७ गुण, म्हणजे ४२, आणि एक्स्टेंडेड एसे म्हणजे मोठा निबंध आणि थिअरी ऑफ नॉलेज नावाचा कोर्स यांचे मिळून ३, एकूण ४५. डिप्लोमा मिळायला कमीत कमी २४ लागतात आणि बाकीच्याही काही अटी असतात. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, ज्याला सगळे एआययू म्हणतात, ती हा डिप्लोमा बारावीच्या बरोबरीचा धरते, त्यामुळे इथल्या कॉलेजात चालतच नाही ही जी अफवा आहे ती खोटी. पण अडचण वेगळीच आहे, ती तारखांची. आपल्याकडच्या बहुतेक आयबी शाळांतली मुलं मे महिन्यात परीक्षा देतात आणि रिझल्ट लागतो जुलैच्या पहिल्या आठवड्यात. मुंबईत डिग्री कॉलेजची गडबड एचएससीचा निकाल लागला की मे-जूनमध्येच सुरू होते. मग शाळेने अंदाजाने आधीच दिलेल्या प्रेडिक्टेड ग्रेडवर प्रोव्हिजनल ॲडमिशन घ्यायची, किंवा आयबीच्या मुलांना रुळलेल्या कॉलेजात जायचं, किंवा परदेशी जायचं. परदेशी जाणार असाल तर काहीच प्रश्न नाही, हे सगळं त्यासाठीच आखलंय. पण आमचं घर बघता पोरगी इथेच शिकेल याची शक्यता जास्त, त्यामुळे आम्हाला हे बघणं भाग होतं.

केंब्रिजमध्ये इथे थोडी सोय आहे. त्यांच्या मे-जूनच्या परीक्षेचा निकाल ऑगस्टमध्ये लागतो, पण भारतातल्या शाळांसाठी मार्चमध्येही परीक्षा असते आणि तिचा निकाल मे महिन्यात हातात येतो. म्हणजे दहावीनंतर अकरावीला एचएससीकडे यायचं असेल तरी वेळेत येता येतं. फक्त शाळा मुलांना मार्चच्या परीक्षेला बसवते का आणि मुलीला हवे ते विषय मार्चमध्ये असतात का, हे दोन्ही विचारायचं. एआययूच्या हिशोबात आयजीसीएसई दहावीच्या बरोबरीची धरायला निदान पाच विषयांत सी किंवा त्याच्या वरची ग्रेड लागते, आणि ग्रेडचं टक्क्यांत रूपांतर करून घ्यायचं काम असतं. ज्या शाळेतून दरवर्षी मुलं एचएससीला जातात त्या शाळेच्या ऑफिसला हे सगळं पाठ असतं, जिथे जात नाहीत तिथे तुम्हालाच धावपळ करावी लागेल.

डॉक्टर-इंजिनीअरचं स्वप्न घरात कोणाचंही असेल, मुलाचं किंवा आजोबांचं, तर विषयांचं आत्ताच विचारा. डिप्लोमाची रचना अशी आहे की सहा गटांतून विषय घ्यायचे, सहाव्या गटातला कला विषय सोडून त्याऐवजी दुसरं सायन्स घेता येतं, त्यामुळे फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स बसतं. मॅथ्समध्येही दोन प्रकार आहेत, इंजिनीअरिंगवाल्यांनी ॲनालिसिस अँड ॲप्रोचेस घ्यावं असंच सगळीकडे सांगितलं. पण नीटसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्ही हवेत, ते नेहमीच्या रचनेत बसत नाही, नॉन रेग्युलर डिप्लोमा म्हणून वेगळी परवानगी घ्यावी लागते, आणि शाळेने तो आधी कधी केलाय का हे महत्त्वाचं. आणि परवानगी मिळाली तरी नीट-जेईईचा पेपर एनसीईआरटीच्या पुस्तकांच्या अंगाने येतो, तो अभ्यास वेगळा करावाच लागतो, मुलाचे दोन-दोन अभ्यास होतात. माझ्या ऑफिसातल्या एका सरांनी म्हणूनच दहावीनंतर मुलाला परत एचएससी सायन्सला टाकलं. याच्या उलटही खूप लोक करतात, दहावीपर्यंत आयसीएसई किंवा एसएससी आणि अकरावीला थेट आयबी डिप्लोमा किंवा ए लेव्हल. परदेशीच पाठवायचं असेल आणि पैसा मोजून मापून असेल तर मला हा मार्ग जास्त शहाणपणाचा वाटतो, दहा वर्षांची फी वाचते आणि शेवटचं सर्टिफिकेट तेच मिळतं. घोळ होतो तो मधेच बदलण्यात. आयजीसीएसई हा नववी-दहावीचा दोन वर्षांचा कोर्स, त्यामुळे दहावीत बोर्ड बदलायला कोणी घेत नाही, नववीच्या सुरुवातीला घेतात पण मुलाची दमछाक होते. आम्ही सहावीत केलं कारण केंब्रिजचा लोअर सेकंडरी टप्पा साधारण तिथेच सुरू होतो.

मग तुम्ही म्हणाल एवढं सगळं असताना घातलंच कशाला. मुलीला प्रश्न फार पडतात आणि जुन्या शाळेत एका वर्गात साठच्या आसपास मुलं होती, तिथे प्रश्न विचारणारं पोर म्हणजे कटकट. बास, एवढंच कारण. वर्ल्ड सिटिझन वगैरे आमच्या डोक्यात नव्हतं.

ॲडमिशनच्या प्रोसेसचं सांगायचं तर पुढच्या वर्षीचे फॉर्म बऱ्याच शाळा ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये काढतात, नर्सरीला तर वेळ पाळावीच लागते, वरच्या वर्गांत जागा रिकामी झाली तर वर्षभर घेतात. आयबीच्या अनेक शाळा ऑगस्टमध्ये सुरू होतात, केंब्रिजच्या काही जूनला तर काही एप्रिललाच, म्हणजे जुन्या शाळेची वार्षिक परीक्षा आणि नव्या शाळेचा पहिला दिवस एकमेकांवर चढू शकतो, तारखा बघून घ्या. फॉर्मबरोबर जन्माचा दाखला, आधार, लसीकरणाचं कार्ड, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि जुन्या शाळेच्या टीचरने भरून द्यायचा एक गोपनीय फॉर्म. हा शेवटचा फॉर्म म्हणजे डोकेदुखी, कारण तो मागितला की जुन्या शाळेला कळतंच की पोरगी चालली. आम्ही क्लास टीचरना आधी प्रत्यक्ष भेटून सांगितलं, त्यांनी छान लिहून दिलं.

टेस्ट म्हणून इंग्लिशचा एक परिच्छेद, गणित आणि कॅट-फोर नावाची कॉम्प्युटरवरची परीक्षा होती. त्यात शब्द, आकडे, आकृत्या आणि जागेची समज असे चार भाग असतात, पाठांतराचा काही उपयोग नाही, तिच्यासाठी क्लास लावणारे लोक आहेत, मी तरी लावला नाही. शिक्षण हक्क कायद्यात प्रवेशासाठी मुलांची किंवा आईबापांची चाळणी लावायला मनाई आहे, तरी गप्पा मारायच्या म्हणून सगळ्यांना बोलावतातच. मुलीला विचारलं जुन्या शाळेत काय बदलशील, ती म्हणाली बाथरूमच्या कड्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो, पण समोरच्या मॅडमना ते आवडलं, पंधरा मिनिटं कड्यांवरच बोलणं चाललं, कोणाला सांगितलंस, मग काय झालं, तू काय केलंस. तिथेच मला ती शाळा आवडली खरं तर. आम्हाला विचारलं की घरी अभ्यास कोण घेतं आणि मार्क कमी पडले तर तुम्ही काय करता. नवऱ्याने अगदी प्रामाणिकपणे "ओरडतो" असं सांगितलं.

टूरमध्ये काय बघायचं, तर मी आठवीच्या एका मुलाची सायन्सची वही दाखवा म्हणाले. ऑडिटोरियम दाखवताना उत्साह असतो, वही म्हटलं की काही ठिकाणी चेहरा बदलतो. जिथे दाखवली तिथे वहीत टीचरच्या हाताने लिहिलेल्या दोन-दोन ओळी होत्या, नुसत्या बरोबरच्या खुणा नाही. आणि मॅथ्स-सायन्सचे टीचर किती वर्षांपासून आहेत ते विचारा, एका शाळेत सगळे नवे होते, का ते कोणी सांगेना.

फी. मुंबईत सध्या वर्षाला साधारण दोन लाखांपासून दहा लाखांच्या वरपर्यंत सगळं आहे, केंब्रिजच्या शाळा खालच्या टोकाला जास्त सापडतात, आयबी वरच्या. पण आकडा एक नसतो. फॉर्मचे काही हजार, ते परत मिळत नाहीत. ॲडमिशन फी एकदाच, तीही परत नाही. डिपॉझिट परत मिळतं, बिनव्याजी, आणि शाळा सोडताना ठरलेल्या मुदतीआधी लेखी कळवलं नाही तर त्यातूनच कापतात, ती मुदत प्रत्येकाची वेगळी आहे, तो कागद वाचा. मग बस, जेवण (काही ठिकाणी डबा नेताच येत नाही), लॅपटॉप किंवा टॅब, सहली ज्या कधी कधी परदेशी असतात, आणि दहावी-बारावीला बोर्डाच्या परीक्षेची फी विषयागणिक वेगळी. अकरावीला फीची पायरी एकदम उंच होते, म्हणून फक्त या वर्षीचं शीट घेऊ नका, बारावीपर्यंतच्या सगळ्या इयत्तांचं मागा. नवऱ्याने एक्सेल केली. समजा आज साडेचार लाख आहे आणि दर दोन वर्षांनी १५ टक्के वाढली तर सहावी ते बारावीचे ३८ लाखांच्या वर होतात, बस आणि बाकीचं सोडून. तो आकडा बघून आम्ही आयबीच्या दोन शाळा यादीतून त्याच रात्री काढल्या. टॅक्सचं विचाराल तर जुन्या रिजीममध्ये वजावटीला फक्त ट्यूशन फी धरतात, दीड लाखाच्या मर्यादेत, त्यामुळे पावतीवर ट्यूशन फी वेगळी दाखवलेली असली पाहिजे. डोनेशन आम्हाला कोणी मागितलं नाही. कोणी मागितलंच तर राज्यात कॅपिटेशन फीला, म्हणजे डोनेशनलाच, १९८७ पासून कायद्याने बंदी आहे हे माहीत असू द्या.

ज्यांना हा खर्च झेपणारच नाही त्यांच्यासाठी अप्पांनी मुद्दाम लिहायला सांगितलंय, की मुंबई महापालिकेनेही मुंबई पब्लिक स्कूलमध्ये ही बोर्डं आणली आहेत, माटुंग्याला केंब्रिजची आणि विलेपार्ल्याला आयबीची, फी नाही, जास्त अर्ज आले की सोडत काढतात. अप्पा हे सांगताना जरा ताठ बसतात, त्यांची पालिका आहे ना ती.

बसचं अंतर हा मुद्दा लोक शेवटी बघतात, तो दुसऱ्या नंबरला घ्या. बीकेसीची एक शाळा मनात होती पण कांदिवलीहून सकाळी हायवेने जायचं म्हणजे पोरीचे रोजचे दोन-अडीच तास बसमध्ये. शाळेने सांगितलेल्या वेळेवर विश्वास न ठेवता आम्ही एकदा सोमवारी सकाळी त्याच वेळेला निघून बघितलं आणि तिथून परतताना नाव कॅन्सल केलं. शेवटी घेतलेली शाळा हायवेच्या कडेलाच आहे, मेट्रो सातच्या स्टेशनपासून चालत जाता येतं, पालक सभेला अप्पा एकटे जाऊन येतात.

मराठीचं काय, असं गावाकडून सगळ्यांनी विचारलं. २०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीची आहे, न शिकवणाऱ्या शाळेला एक लाखापर्यंत दंड आहे. पण शिकवणं आणि शिकवणं यात फरक असतो. अप्पांनी प्रत्येक शाळेत मराठीच्या बाईंना भेटायचा हट्ट धरला, एका ठिकाणी त्या सुट्टीवर होत्या आणि किती तास मराठी होतं ते दुसऱ्या कोणालाच सांगता आलं नाही. आमच्या शाळेत घरी मराठी बोलणाऱ्या मुलांचा गट वेगळा आहे, आठवड्याला तीन तास. कमीच आहे ते, बाकीचं अप्पा रात्री वर्तमानपत्र वाचून घेतात.

सीट पक्की झाल्याचं पत्र आणि फीची पावती हातात येईपर्यंत जुन्या शाळेतून एलसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, काढू नका, हे अगदी लक्षात ठेवा. एलसीवर नाव, जन्मतारीख, जात, आईचं नाव सगळं तपासून घ्या, कारण इंटरनॅशनल शाळांच्या कागदांवर जातीचा रकाना असेलच असं नाही आणि पुढे जातीचा दाखला काढताना जुनी एलसीच कामाला येते. तिची झेरॉक्स नाही, चांगल्या तीन-चार अटेस्टेड कॉपी करून ठेवा.

सहा महिने झाले. नंबर नसतो, पहिली आलीस का विचारायची सोय नाही, त्याची सवय आम्हालाच लावून घ्यावी लागली. गणित जुन्या शाळेपेक्षा हळू चालतं, आणि सहावीपासूनच अर्ध्या वर्गाला ट्यूशन आहे, ट्यूशन लागत नाही असं जे टूरमध्ये सांगतात ते सोडून द्या. लिहायला मात्र खूप लागतं, दोन पानांचं उत्तर स्वतःच्या शब्दांत, ते तिला अजून जड जातं.

आता फीवाढीचं बघायचंय. राज्याच्या २०११ च्या फी कायद्यात परदेशी बोर्डाच्या शाळाही येतात, फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवावी लागते, आणि समितीवर प्रत्येक इयत्तेतून एक पालक इच्छुकांमधून सोडतीने घेतात. एकदा मान्य झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. आमच्या वर्गाच्या ग्रुपवर फीबद्दल रोज कुरकुर असते, पण सोडतीला नाव द्यायला फार कोणी तयार नव्हतं. मी दिलंय, आणि अप्पांनी कायद्याची मराठी प्रत प्रिंट काढून त्यावर पेन्सिलने खुणा करायला घेतल्यात.